जर्मनीत हॉटेल काढताय? माणूस काढायची चिंता सोडा, ठेवतानाचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मानहाइमला वडापाव-मिसळीचं छोटं हॉटेल काढायचंय, एक पूर्णवेळ आचारी आणि मिनीजॉबवर, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या थोड्या तासांच्या कामावर, दोन भारतीय विद्यार्थी ठेवायचेत. पण जर्मनीत ठेवलेला माणूस काढताच येत नाही असं ऐकलंय, म्हणून पहिले सहा महिने सगळं तोंडी ठेवलं तर चालेल का?

तोंडी अजिबात ठेवू नका. आणि ज्या कायद्याची तुम्ही धास्ती घेतली आहे तो तुमच्या एवढ्या धंद्याला लागूच होत नाही. नोकरीतून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, तेही सहा महिने नोकरी झाल्यावर लागतो. आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करणारा त्यात अर्धाच मोजतात, म्हणजे तुमची मोजणी जेमतेम दोनवर येते. प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या परीक्षण काळात, जो जास्तीत जास्त सहा महिने असतो, दोन आठवड्यांची नोटीस. पुढे चार आठवड्यांची, 15 तारखेला किंवा महिनाअखेरीला संपणारी. दोन वर्षांनंतर ती वाढत जाते. कारण लिहावं लागत नाही, पण भेदभाव तिथेही चालत नाही. गरोदर बाईला मात्र पहिल्या दिवसापासून बाळंतपणानंतर चार महिन्यांपर्यंत सरकारी परवानगीशिवाय काढता येत नाही, तुमच्याकडे ती एकटीच कामाला असली तरी.

नोटीस कागदावर, पेनाने सही करून, हातात पडली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, सही स्कॅन केलेली पीडीएफ यांना काही अर्थ नाही. माणूस नोकरीवर आहे असंच धरलं जातं आणि पगाराचा वाद तुमच्या गळ्यात येतो.

आता तोंडी कराराचं. तो इथे वैध असतो आणि अडचण तीच आहे. आचाऱ्याला एक वर्षाच्या मुदतीवर घ्यायचं म्हणत असाल तर दोघांच्या सह्या काम सुरू होण्याआधी हव्यात. सोमवारी तो तव्यापाशी उभा राहिला आणि कागद बुधवारी झाला, तर मुदत उडाली, नोकरी कायमची. 2025पासून नोकरीच्या अटी बऱ्याच धंद्यांत ईमेलने दिलेल्या चालतात, पण हॉटेल व्यवसायाला ती सूट नाही. तुम्हाला सहीचा कागदच लागेल.

हॉटेलवाल्यांसाठी आणखी एक: झोफोर्टमेल्डुंग, म्हणजे तात्काळ नोंद. माणूस कामाला लागण्यापूर्वी, उशिरात उशिरा त्याच क्षणी, पेन्शन विमा संस्थेकडे त्याची ऑनलाइन नोंद झाली पाहिजे, आणि कामावर असताना त्याच्याजवळ पासपोर्ट किंवा ओळखपत्र हवं. ‘दोन दिवस बघू कसा करतो, मग नोंदवू’ हा आपल्याकडचा रिवाज इथे महागात पडतो. नुसतं बघायला आलेला माणूस वेगळा. गिऱ्हाइकाला प्लेट नेऊन देणारा कामगारच. त्सोलची, म्हणजे कस्टम खात्याची, माणसं न सांगता तपासणीला येतात.

मिनीजॉबबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मराठी मालक इथेच घोळ घालतात. 2026मध्ये मिनीजॉबची मर्यादा महिना 603 युरो आणि किमान वेतन तासाला 13.90 युरो, म्हणजे महिन्याला साधारण 43 तास. मिनीजॉब म्हणजे सुट्टी नाही, आजारपणाचा पगार नाही, हा समज साफ चुकीचा आहे. पूर्णवेळ माणसाचे सगळे हक्क त्यांनाही असतात, भरपगारी रजासुद्धा, दिवसांच्या प्रमाणात. आणि ‘गर्दी असेल तेव्हा फोन करू’ असं ठरवून आठवड्याचे तास करारात लिहिलेच नाहीत, तर कायदा 20 तास धरतो. मग किमान वेतनाने हिशोब महिना 1,200 युरोवर जातो, मिनीजॉब उरतच नाही, आणि न दिलेल्या पगारावरसुद्धा सामाजिक विम्याचे (पेन्शन, आरोग्य वगैरे) हप्ते मागितले जातात. तेव्हा आठवड्याला नऊ-दहा तास असं स्पष्ट लिहा. विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या परवान्यावरची अटही बघा, त्याची प्रत ठेवा: युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला साधारणपणे वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. तो दुसरीकडेही काम करतो का हे विचारायचं विसरू नका, कारण दोन मिनीजॉबची कमाई एकत्र मोजतात.

कामाच्या वेळा, म्हणजे सुरुवात, शेवट आणि एकूण तास, सात दिवसांच्या आत लिहून दोन वर्षं जपायच्या. साधी वही चालते. दिवसाला दहा तासांवर जायचं नाही, आणि रात्री साडेअकराला शटर ओढलेल्या आचाऱ्याला सकाळी आठला कांदा चिरायला बोलावता येत नाही.

आजारपणात सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार तुम्ही द्यायचा, नोकरीचे पहिले चार आठवडे सोडून. छोट्या मालकांसाठी ऊ-आइन्स नावाचा हप्ता असतो, त्यातून या पगाराचा मोठा भाग परत मिळतो. तो हप्ता तसाही भरावाच लागतो, आणि तरी परतावा मागायचा राहून गेलेले लोक मी पाहिलेत. आचाऱ्याच्या क्रांकनकासेकडे, म्हणजे आरोग्य विमा संस्थेकडे, जास्त परताव्याचा दर निवडा, असं माझं मत. तीन माणसांच्या स्वयंपाकघरात एक जण आडवा पडला की दुसरा शोधावाच लागतो.

पैशांचा अंदाज बांधताना आचाऱ्याच्या कपातीआधीच्या पगारावर साधारण 21 टक्के तुमचा सामाजिक विम्याचा वाटा धरा. हप्ता महिनाअखेरच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवशी खात्यातून जातो, म्हणजे बऱ्याचदा पगाराच्याही आधी. धंदा मंद असला की लोक हाच पैसा वापरतात. तसं कधीही करू नका. कामगाराच्या पगारातला विम्याचा भाग न भरणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे.

सगळ्यात आधी आर्बाइट्सआगेंटूरकडून (सरकारी रोजगार कार्यालय) बेत्रीब्सनुमर, म्हणजे मालक म्हणून तुमच्या धंद्याचा नंबर, घ्या, तो ऑनलाइन आणि फुकट मिळतो. बेरुफ्सगेनोसनशाफ्टकडे (कामावरच्या अपघातांचा विमा देणारी संस्था) नोंदणी करा, आणि पगारपत्रकं स्टॉयरबेराटरकडे (कर सल्लागार) किंवा लोनब्युरोकडे (पगाराचे हिशोब करणारं कार्यालय) सोपवा. आचारी भारतातून आणायचा विचार असेल तर खास पदार्थांच्या आचाऱ्यांसाठी वेगळा परवाना आहे, पूर्णवेळ नोकरीसाठी, एकूण चार वर्षांपर्यंत. त्याला आर्बाइट्सआगेंटूरची संमती लागते. तुमचा मेन्यू आणि त्याचा अनुभव कसा आहे ते इथे लिहा, त्यावर सांगतो.