वहिनीला आई करायचं म्हणतेस, तर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या मेलमधला प्रश्न एका ओळीचा आहे: वहिनीला कायद्याने पुन्हा माझी आई करता येईल का? येईल. तू राहतेस त्या कॅलिफोर्नियात नक्की येईल. पण त्यातून तुला हवं ते मिळेलच असं नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

तू वहिनी म्हणतेस ती तुझी जन्मदाती, हे मला आधी कळलंच नव्हतं. घरात काका-काकू तिला वहिनी म्हणायचे, म्हणून तूही तेच म्हणायला लागलीस. सहाव्या वर्षी साताऱ्यात दत्तकविधान झालं, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्राची नोंद झाली आणि काकू तुझी आई झाली. आता जन्मदाते वडील गेले, वहिनी एकटी उरली आणि तुला हे सुचलं. सुचणारच.

इथला कायदा सांगते. सज्ञान माणसाने आपल्याहून लहान सज्ञान माणसाला दत्तक घेणं, ज्याला इथे अ‍ॅडल्ट अडॉप्शन म्हणतात, ते कॅलिफोर्नियात फारसं अवघड नाही. दोघींनी एक करार करायचा, की यापुढे आम्ही आई-मुलीच्या नात्याने वागू आणि त्या नात्याची सगळी कर्तव्यं स्वीकारू. मग सुपीरियर कोर्टात अर्ज. लहान मुलाच्या दत्तकात घराची तपासणी होते, तशी इथे एरवी होत नाही. न्यायाधीशाला वाटलं तरच तो चौकशी लावतो. हे तुम्हा दोघींच्या हिताचं आहे आणि सार्वजनिक हिताच्या आड येत नाही, एवढी त्याची खात्री पटावी लागते. सुनावणीला दोघींनी हजर राहायचं. अगदीच अशक्य असेल तर लेखी अधिकार देऊन वकील उभा करता येतो. तुझं लग्न झालेलं असतं तर नवऱ्याची संमती लागली असती. काका-काकूंची संमती लागत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून तुला हायसं वाटलं असेल, तर जरा थांब.

वहिनीचं नाव चढलं की सर्वसाधारण नियमाने आधीच्या आई-वडिलांचं कायदेशीर नातं सुटतं. सावत्र आई किंवा बापाने दत्तक घेतलं, तर त्याच्या जोडीदाराचं, म्हणजे सख्ख्याचं नातं टिकतं. तो अपवाद तुला लागू नाही. म्हणजे ज्या काकूने तुला अमेरिकेत शाळेत घातलं, तुझ्या तापात रात्री काढल्या, ती कागदावर तुझी कोणी उरणार नाही. काकाही नाही. तुला बेरीज करायची आहे आणि हा कागद वजाबाकी करून मगच बेरीज करतो.

आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात द्व्यामुष्यायण नावाचा प्रकार होता. मुलगा दत्तक देतानाच ठरवायचं, की हा दोन्ही घरांचा. दोन्हीकडचं श्राद्ध, दोन्हीकडचा वारसा. (मुलींना तेव्हा कोण विचारत होतं म्हणा!) १९५६ च्या दत्तक कायद्यानंतर ती वाट बुजली. त्या कायद्यानुसार दत्तकाच्या दिवसापासून जन्माच्या घराशी नातं तुटतं आणि रीतसर झालेलं दत्तक पुढे कोणालाच रद्द करता येत नाही. दत्तक गेलेल्यालाही ते नाकारून परत येता येत नाही. लग्न जुळवताना मात्र त्या कायद्याला तुझं जन्माचं घर आठवतं, निषिद्ध नाती तिथलीही मोजायची म्हणून.

साताऱ्यातच उलट दत्तक का होणार नाही, असंही तू विचारलं आहेस. पंधरा वर्षांवरच्या माणसाला दत्तक घ्यायला तो कायदा एरवी मनाई करतो, पण महाराष्ट्रात मोठ्या, लग्न झालेल्या माणसालाही दत्तक घेण्याची रूढी कोर्टांनी मानली आहे. त्यामुळे वयाची अडचण कदाचित सुटली असती. पण दत्तक द्यायचा अधिकार जन्मदात्या आई-वडिलांना. दत्तक आई-वडिलांना तो नाही. म्हणजे काकू तुला देऊ शकत नाही, आणि वहिनीने द्यायचं तर देणारी तीच, घेणारीही तीच.

आता तुझ्या मेलमध्ये नसलेला, पण मला दिसलेला प्रश्न. वहिनीला इथे आणायचं आहे ना? एकवीस वर्षांवरचा नागरिक आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो, हे कोणीतरी तुझ्या कानावर घातलं असणार. तुझ्या बाबतीत ते दार बंद आहे. तू इथे आलीस ती दत्तक मुलगी म्हणून. इमिग्रेशनचा कायदा सांगतो, की अशा मुलाच्या जन्मदात्यांना त्या जन्माच्या नात्यावर काहीही मिळणार नाही. कोर्टाने नव्याने दत्तक मंजूर केलं तरी इमिग्रेशन खातं साधारणपणे सोळा वर्षांच्या आत झालेलंच दत्तक धरतं. १९९५ मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळाने जन्माचं नातं पुन्हा मानायची एक वाट दाखवली: दत्तक कायदेशीरपणे संपलेलं हवं, जन्माचं नातं कायद्याने पुन्हा जोडलेलं हवं आणि त्या दत्तकाच्या जोरावर इमिग्रेशनचा कोणताही लाभ घेतलेला नसावा. तू तो लाभ घेतलास, आणि त्यात तुझी काही चूक नाही. पण एखादा एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नकोस. वहिनीला व्हिजिटर व्हिसावर बोलाव, आणि मुलाखतीत नातं विचारलं तर जसं आहे तसं सांगू दे.

राहिली मालमत्ता. वडिलांच्या जमिनीत तू वारस नाहीस. वहिनीच्या वाट्याला आलेलं तिला तुला द्यायचं असेल तर तिने मृत्युपत्र करावं; त्याला दत्तक लागत नाही. इथला हुकूम दाखवून तलाठ्याकडे नाव लागेल, या भरवशावर राहू नकोस. तुझा साताऱ्याचा जन्मदाखलाही इथलं कोर्ट बदलणार नाही. आणि तुझ्यामागे वहिनीची सोय व्हावी असं वाटत असेल, तर तूही मृत्युपत्र कर. नाहीतर आज तुला काही झालं तर सगळं काका-काकूंकडे जाईल.

व्हिसा गेला, जमीन गेली. मग उरलं काय? तिला आई म्हणणं. एवढ्यासाठी कोर्टात जाणं मला वेडेपणा वाटत नाही. मी असे अर्ज केले आहेत. एक सुतारकाम करणारा मुलगा होता. नवव्या वर्षी सावत्र आईने दत्तक घेतल्यामुळे सख्ख्या आईचं नाव पुसलं गेलेलं. चोविसाव्या वर्षी सख्ख्या आईने त्याला परत दत्तक घेतलं. सुनावणीला दहा मिनिटंही लागली नाहीत. न्यायाधीशांनी त्यांच्यासोबत फोटो काढला. सावत्र आईला त्याने सांगितलं नव्हतं. तिला ते फोटोतून कळलं. पुढे वर्षभर तो मला फोन करायचा, आणि त्यातला एकही फोन कायद्याबद्दल नसायचा. मी त्याला आधी विचारायला हवं होतं, घरी सांगितलंस का म्हणून. कायद्यात विचारायची गरज नव्हती, म्हणून मी विचारलं नाही.

तुला मात्र विचारते आहे. काकूला सांगितलंस का?

सांगताना कागदापासून सुरुवात करू नकोस. वहिनीला आई म्हणावंसं वाटतं, एवढंच सांग. काकू रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. कदाचित तिला हे तुझ्या आधीपासून ठाऊक असेल; दत्तक घेणाऱ्या बाईला हा दिवस येणार हे ठाऊक नसतं असं समजू नकोस. आणि वहिनीलाही विचार. तिने दिलेला शब्द तुझ्यासाठी मोडायला ती तयार आहे का? आपल्याच जावेच्या घरातून मूल परत आणलं, हे भावकीत ती कशी सांगणार? तिला गावात राहायचं आहे, तुला नाही.

पुढच्या महिन्यात मी फ्रीमाँटला आहे. दत्तकपत्राची प्रत, नागरिकत्वाचा दाखला आणि इथे आलीस तेव्हाचे इमिग्रेशनचे कागद घेऊन ये. अर्जाआधी इमिग्रेशनच्या वकिलाला ते दाखवू, ते माझं क्षेत्र नाही. काकूशी बोलणं झालं नसेल तर कागद घरीच ठेव आणि नुसती जेवायला ये. पिठलं-भाकरी करीन.

तुझी,
मावशी