घरातली ओल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (गुहागर): हवेतली आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर मागवले. जुलैत ते ८८ टक्के दाखवत होते. हा आकडा खरा मानावा का? घरात आर्द्रता किती असावी?

उत्तर: आधी मिठाने मीटर तपासा. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घेऊन थेंबाथेंबाने भिजवा. ओल्या वाळूसारखे झाले की थांबा, विरघळू देऊ नका. बूच आणि मीटर हवाबंद डब्यात १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७९ आला तर मीटर चारने पुढे आहे, तेवढे वजा करीत जा. स्वस्त मीटरमध्ये एवढा फरक निघतोच.

प्रकृतीला ४० ते ६० टक्के मानवते. गादीतले धुळीचे किडे पाणी पीत नाहीत, हवेतली वाफ शोषून जगतात. ५० च्या खाली ते हळूहळू मरतात, ७०-८० ला त्यांची चंगळ असते. भिंतीलगतची हवा सतत ८० च्या आसपास राहिली की बुरशीचेही भागते. पण किनाऱ्यावर बाहेरच ९० असताना सगळे घर ६० वर आणायच्या नादाला लागू नका. झोपायची एक खोली निवडा आणि तेवढीच सांभाळा. माणूस सर्वात जास्त वेळ सलग तिथेच असतो.

प्रश्न (रत्नागिरी): नऊ वर्षांच्या मुलीला दमा आहे. पावसात खिडक्या उघडल्या तर ओल येते, बंद ठेवल्या तर कुबट वास. एसी लावावा का?

उत्तर: ओल बाहेरून येते असे वाटते, पण बरीचशी आपणच घरात तयार करतो. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर जळून संपतो तेव्हा त्यातून साधारण २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने निघते. भाताची आणि न्हाणीघराची वाफ वेगळीच. एका खेपेचे धुणे आत वाळवले की आणखी दोनेक लिटर. आता हिशेब पाहा. बाहेरची हवा २६ अंश आणि ९० टक्के असेल, तर ती आत येऊन २९ अंशांवर गेली की ७५-७६ टक्केच उरते. आत मीटर ८५ दाखवत असेल तर खिडकी उघडल्याने खोली कोरडीच होईल. म्हणून स्वयंपाक आणि आंघोळी चालू असताना झडीची बाजू सोडून समोरासमोरच्या खिडक्या उघडा. धुणे पडवीत, पंख्याखाली टाका.

मुलीच्या खोलीत एसी जरूर लावा, पण तेव्हा दारे-खिडक्या घट्ट बंद हव्यात. पावसाळ्यात खोली मुळात फार तापलेली नसते. त्यामुळे छोट्या खोलीत दीड टनाचे यंत्र काही मिनिटांत थंडावा आणते आणि थांबते, पाणी मात्र हवेतच राहते. अंग गार आणि चादर ओलसर, असे होते ते यामुळेच. अशा वेळी 'ड्राय मोड' (थंडाव्यापेक्षा हवेतले पाणी काढण्यावर भर देणारी एसीची सोय) वापरा. कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखा जोरात फिरत राहिला तर कॉइलवरचे (एसीच्या आतल्या थंड नळ्यांवरचे) पाणी परत खोलीत येते, तेव्हा पंख्याचा वेग कमी ठेवा. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. पाण्याची नळी शेवाळाने तुंबली की यंत्रातच बुरशी धरते आणि तीच मुलीच्या नाकात जाते. डिह्युमिडिफायर (हवेतले पाणी ओढून घेणारे यंत्र) घेणार असाल तर खोक्यावरचे 'रोज १२ लिटर' हे बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेले असते. खोली कोरडी होत जाईल तसे पाणी कमी निघेल, ते बिघडले असे समजू नका. त्याने खोली थोडी तापतेही.

चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्याने किडे मरत नाहीत. श्वास सुधारला म्हणून रोजचा इन्हेलर स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न (मालवण): चिऱ्याच्या भिंतीला प्लास्टिक पेंट दिला. तो फुगला आणि काळे डाग आले. ही करोनाच्या वेळची काळी बुरशी का?

उत्तर: नाही. २०२१ मध्ये गाजलेला आजार म्युकर गटातल्या बुरशीचा होता आणि तो मुख्यतः साखर आटोक्यात नसलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवर काळी दिसणारी बुरशी सहसा दुसऱ्या जातींची असते. तिने शिंका, खोकला, दम्याचा जोर होतो, म्हणून ती काढायचीच.

आधी ओल कुठून येते ते बघा. फूटभर प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. पाणी प्लास्टिकच्या मागे धरले तर ओल भिंतीतून येते, खोलीच्या बाजूला धरले तर हवेतून. खालून तीनेक फुटांपर्यंत ओलीचा आडवा पट्टा आणि लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा क्षार) असेल तर चिरा जमिनीतले पाणी ओढतो आहे. अशा भिंतीवर प्लास्टिक पेंट म्हणजे पाण्याची वाट बंद करणे, फुगणारच. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब न्या, भिंतीला टेकलेली माती काढा, पावसाळा संपल्यावर रंग खरवडून चुना द्या. चुन्याच्या भिंतीतून वाफ बाहेर पडते आणि नवा चुना बुरशीला सहज जम बसवू देत नाही.

डाग कोरडे झाडू नका, बीजाणू उडतात. एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्याने घासा आणि पंख्याने वाळवा. ब्लीच आणि संडास धुण्याचे अॅसिड एकत्र कधीही नको, विषारी क्लोरिन वायू निघतो. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा.

प्रश्न (दापोली): बाळाचे कपडे निखाऱ्याच्या शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवतो. चालेल ना?

उत्तर: बंद खोलीत अजिबात नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि धूर दिसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. कपडे पंख्याखाली वाळवून शेवटी इस्त्री फिरवा.

प्रश्न (अलिबाग): दर पावसाळ्यात जांघेत गजकर्ण होते. दुकानातल्या मलमाने जाते आणि परत येते.

उत्तर: नळीवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिले आहे का पाहा. हे स्टेरॉइड आहेत. खाज शमते, पण बुरशी आत पसरते. असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि खाज थांबली तरी सांगितलेले आठवडे पूर्ण करा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, घरात आणखी कुणाला असेल तर उपचार एकाच वेळी.

प्रश्न (देवगड): खोबऱ्याला आणि शेंगदाण्यांना बुरशी आली. पुसून, भाजून वापरावे का?

उत्तर: नाही. त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकते. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्याने पुरते जात नाही. कोंबड्यांनाही घालू नका. गाईम्हशींनी खाल्ले तर त्याचा अंश दुधात उतरतो.