एफडी मोडू नका, परतीची तारीख बदला

प्रश्न: मी 63 वर्षांचा, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. पत्नी 59 वर्षांची. मुलगी म्युनिकला असते, ऑक्टोबरात तिचं पहिलं बाळंतपण आहे. आम्ही दोघं 15 सप्टेंबर ते 15 डिसेंबर असे तीन महिने जाणार आहोत. तिकिटं, व्हिसा आणि विमा मिळून 1 लाख 80 हजारांचा अंदाज आहे. पाच लाखांची तीन वर्षांची एफडी (साडेसात टक्के) येत्या फेब्रुवारीत पिकते. ती आताच ऑगस्टमध्ये मोडावी का? मला शुगर आणि बीपी आहे. ओळखीच्या एजंटने स्वस्तातली पॉलिसी सुचवली आहे, ती पुरेल ना? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: आधी अभिनंदन. आणि लगेच एक कात्री: 15 डिसेंबरचं परतीचं तिकीट काढू नका. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा थोड्या मुदतीचा व्हिसा) 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि उतरल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात. सप्टेंबरचे 16, ऑक्टोबरचे 31, नोव्हेंबरचे 30 झाले 77. उरले 13. म्हणजे 13 डिसेंबर हा तुमचा नव्वदावा दिवस. आपण ‘तीन महिने’ म्हणतो, तिथला अधिकारी दिवस मोजतो. मी तर 10 तारखेचंच काढेन. विमान रद्द झालं तर हाताशी दोन-तीन दिवस राहतात.

आता एफडी. आयुष्य नोटांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला हिशोब सांगणं जरा आगाऊपणाचंच, तरी सांगतो. मुदतीआधी मोडल्यावर बँका साधारण अर्धा ते एक टक्का दंड लावतात. एक टक्का धरला तर पाच लाखांवर अडीच वर्षांचे झाले सुमारे साडेबारा हजार. शिवाय उरलेले तीन लाख वीस हजार पुन्हा ठेवायचे, तेही त्या दिवशीच्या दराने.

त्याऐवजी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय. बहुतेक बँका ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देतात, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. साडेआठ टक्क्यांनी 1 लाख 80 हजारांचं सहा महिन्यांचं व्याज होतं 7,650 रुपये. पण ठेव शाबूत असल्याने तेवढ्याच रकमेवर तुम्हाला 6,750 मिळतच राहतात. फरक नऊशे रुपयांचा. साडेबारा हजार कुठे आणि नऊशे कुठे! व्याज फक्त उचललेल्या रकमेवर लागतं, तेव्हा लागेल तसं उचला, सगळं एकदम बचत खात्यात आणून ठेवू नका. व्हिसासाठी तुम्ही जोडलेल्या स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या तोंडावर अचानक लाखाची जमा दिसली की प्रश्न येतात. एफडी दोघांच्या नावावर असेल तर सही दोघांची लागेल.

तिकीट मात्र व्हिसा हातात आल्यावरच पक्कं करा, तोवर नुसतं आरक्षण पुरतं. व्हिसाची फी माणशी 90 युरो, आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. बोटांच्या ठशांसाठी दोघांनाही व्हिसा केंद्रावर जावं लागेल. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने जाणार असाल तर दुपारची वेळ घ्या.

मुलीला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून तुमच्यासाठी हमीपत्र काढायला सांगा. त्याचं जर्मन नाव उच्चारण्याच्या भानगडीत मी पडत नाही. फी 29 युरो, आणि मूळ प्रतच कुरिअरने मागवावी लागते. ते असलं की तुमच्या खात्यातल्या शिलकीवरचा भार हलका होतो.

पण त्या कागदावर सही करताना मुलगी काय लिहून देते, ते नीट समजून घ्या: आई-वडिलांच्या राहण्याचा आणि आजारपणाचाही खर्च माझा. म्हणजे विम्याने हात वर केले तर हॉस्पिटलचं बिल तिच्या दारात, तेही बाळंतपणाच्या महिन्यात. म्हणून स्वस्त पॉलिसीवर माझा ठाम नकार आहे. अशा पॉलिसीचं 30 हजार युरोंचं कव्हर ही व्हिसाची किमान अट, तेवढ्याने अर्ज पास होईल, पुढचं कोण बघणार? एजंटला एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: शुगर-बीपीमुळे उद्भवलेली इमर्जन्सी कव्हर आहे का, आणि किती रकमेपर्यंत? पुष्कळ पॉलिसी आधीपासूनचा आजार वगळतात, किंवा जिवावर बेतलं तरच आणि तेही तुटपुंज्या मर्यादेत देतात. फॉर्मवर दोन्ही आजार लिहा. ‘लिहिलं तर प्रीमियम वाढेल’ म्हणून एजंट लपवायला सांगत असेल, तर एजंट बदला. या एका खात्यात दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी चालतील; एफडी न मोडून ते आपण वाचवलेच आहेत. तीन महिन्यांच्या गोळ्या इथूनच न्या, सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेलं इंग्रजी प्रिस्क्रिप्शन.

नोव्हेंबरात तुम्ही इथे नसाल, म्हणजे हयातीच्या दाखल्याचं काय? निघण्याआधी पेन्शनच्या बँकेत जाऊन विचारून ठेवा. म्युनिकला भारतीय वाणिज्य दूतावास आहे, तिथूनही दाखला मिळतो. आणि सिम! माझ्या एका ग्राहकाचं रिचार्ज परदेशात असताना संपलं, ओटीपी येईना, आणि स्वतःच्याच खात्यातून विम्याचा हप्ता भरता येईना. रोमिंग इथूनच चालू करा, रिचार्ज डिसेंबरअखेरपर्यंत पुरेल असा मारा.

राहणार मुलीकडे, तेव्हा रोख तीन-चारशे युरो पुष्कळ. ते शहरातूनच घ्या, विमानतळावरच्या काउंटरवर नको. जर्मनीत कार्ड वापरताना मशीन ‘रुपये की युरो’ विचारेल, युरोच दाबा. रुपये निवडले तर रूपांतराचा दर दुकानदाराच्या बाजूचा लागतो.

आणि हे पत्नीला वाचून दाखवा: साजूक तुपाचा डबा बॅगेत नको. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात. तूप तिथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतं. लाडू तिथेच वळा.