जुन्या .३१५ रायफलची नळी संपली हे कसं ओळखायचं आणि ती टिकवायची कशी?

भाऊ, तुमची रायफल ईशापूरची .३१५ आहे, वडिलांनंतर तुमच्या परवान्यावर आली आणि चोपड्याकडे केळीच्या मळ्यावर असते. ५० मीटरवर पूर्वी चार बोटांत बसणाऱ्या गोळ्या आता वीतभर पसरतात, पण तोंडाकडून पाहिलं तर नळी लख्ख दिसते. म्हणून नळी संपली का, असं तुम्ही विचारलंय. मी धुळ्याला पोलीस दलात आर्मोरर होतो, निवृत्त होईपर्यंत हत्यारांचंच काम केलं. त्या अनुभवावरून सांगतो: तुमची नळी फैरींनी संपलेली असण्याची शक्यता फार कमी आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या रायफली गोळ्या झाडून झिजत नाहीत. त्या गंजाने जातात, नाहीतर चुकीच्या पुसण्याने.

हिशोब करून पाहा. वर्षाला २०-२५ फैरी धरल्या तरी ४० वर्षांत आकडा १,००० च्या आसपास जातो. .३०८ सारख्या काडतुसाची स्पर्धेतली नळी साधारण ५,००० फैरींपर्यंत चांगला नेम देते. दारू भरपूर आणि बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, लहान अशा मॅग्नम रायफली १,०००-१,५०० फैरींतच ढिल्या पडतात. .३१५ चं काडतूस मूळ ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मॅनलिकरवरून आलेलं, दाब मध्यम आणि बोअर मोठा. तिची नळी घाईने झिजत नाही.

खरी झीज कुठे होते ते आधी समजून घ्या, म्हणजे तोंडाकडून पाहून काही कळत नाही हे पटेल. दारू पेटली की वायूचं तापमान २,५०० अंशांच्या वर जातं आणि पोलाद १,५०० च्या आसपास वितळतं. हा मारा सेकंदाचा हजारावा हिस्सा एवढाच टिकतो, म्हणून नळी वाचते. पण चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, लगेच पुढे, जिथे रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळदार खाचा) सुरू होतं, तिथला पृष्ठभाग दर फैरीला भाजून निघतो. तिथे बारीक भेगांचं जाळं पडतं, मग लँडच्या, म्हणजे खाचांमधल्या उंचवट्यांच्या, कडा विरतात आणि गोळीला रायफलिंग गाठायला जास्त मोकळं अंतर कापावं लागतं. गोळी सरळ शिरत नाही, ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागणं, बिघडतं. ही जागा बोअरस्कोपनेच (नळीत घालून आत बघायच्या दुर्बिणीने) नीट दिसते, किंवा आर्मोरर गेज घालून मोजतो. काही जण काडतूस उलटं करून गोळीचं टोक नळीच्या तोंडात घालून बघतात. त्यातून तोंडाची झीज ढोबळ कळेल, आतली नाही, आणि जिवंत काडतूस तोंडाशी धरून हा खेळ करूच नका.

नळीला दोष देण्याआधी बाकीचं तपासा. अ‍ॅक्शनचे स्क्रू (बंदुकीची यंत्रणा लाकडाला धरणारे) ढिले आहेत का, नेम धरायची साइट हलते का. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला एका बाजूने दाबतं का. काडतुसं एकाच लॉटची आहेत का, की वडिलांच्या वेळची आणि आत्ताची मिसळलीत? मग तोंडाची कड, म्हणजे क्राउन, बघा. कापसाचा बोळा कडेवरून गोल फिरवा. तंतू एकाच जागी अडकला तर तिथे चीर किंवा ठोका आहे, आणि तेवढ्यानेही गोळ्या पसरतात.

त्यानंतर तांबं. गोळीच्या आवरणाचं तांबं खाचांत बसत जातं. अमोनियाचं कॉपर सॉल्व्हंट लावून चिंदी ओढली आणि ती निळी निघाली, तर तांबं आहे. निळेपणा जाईपर्यंत साफ करा, सॉल्व्हंट आत रात्रभर ठेवू नका. मग परवानगी असलेल्या रेंजवर, वाळूच्या पिशवीवर टेकवून, एकाच लॉटच्या पाच-पाच फैरींचे दोन-तीन ग्रुप घ्या. एका ग्रुपवरून निष्कर्ष काढू नका. एवढं करूनही पसारा तसाच राहिला, किंवा कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडलं, म्हणजे गोळी आडवी लागली, तर मात्र नळीत दोष आहे असं समजा.

आता गंज, कारण खानदेशात खरं नुकसान तोच करतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा आपण निर्धास्त असतो. जूनमध्ये हवा एकदम दमट होते आणि चामड्याच्या म्यानात ठेवलेली रायफल आतून लाल पडते. चामडं ओल धरतं, त्यात कायमची ठेवू नका. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं, त्याचं मीठ नळीत उरतं आणि हवेतली ओल ओढतं. तेलाने हे मीठ विरघळत नाही. त्याला पाणीच लागतं, उकळतं पाणी फनेलने चेंबरकडून ओता. फौजेत जुन्या .३०३ रायफली होत्या त्या काळात हेच करत. मग कोरड्या चिंद्या, नळी पूर्ण सुकेपर्यंत, आणि शेवटी गन ऑइलचा पातळ हात. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल लावू नका; शेंगदाण्याचं चिकट होतं आणि खोबरेल थंडीत गोठतं.

पुसताना बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) काढा आणि रॉड नेहमी मागून घाला. तोंडाकडून घातलेला रॉड कड घासतो. पुल थ्रूची, म्हणजे चिंदी बांधून नळीतून ओढायची, दोरी तिरकी ओढली तर तोंडाशी खाच पडते, ती सरळ रेषेतच ओढा. सँडपेपर कधीही नको. आणि उन्हात तापलेल्या नळीतून सलग फैरी झाडू नका. नळी हाताला सोसवेल इतकी निवली की मगच पुढची.

झाडण्याआधी नळीतलं तेल पुसा आणि आरपार उजेड दिसतो का ते बघा. मळ्यातल्या खोलीत उभ्या ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. अडथळा असताना झाडलं तर नळी फुगते, फाटतेही. आत गोल सावलीची कडी दिसली तर ती फुगल्याची खूण आहे, त्या रायफलमधून एकही फैर काढू नका.

नळी खरंच गेली असेल तर एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात आणि दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. क्राउन नव्याने कापायचा असो की नळी बदलायची, परवानाधारक गनस्मिथकडेच जा, पावती घ्या आणि परवान्यात काही नोंद लागते का ते जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा.