‘डेथ मास्क’ म्हणजे ‘मृत्यूचा मुखवटा’ का?

प्रश्न असा होता की फ्लॉरेन्सच्या रेनेसाँ काळातल्या ‘डेथ मास्क’बद्दल, म्हणजे गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून घेतलेल्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतीबद्दल, मराठीत लिहायचंय, तर ‘मृत्यूचा मुखवटा’ चालेल का, कारण मुखवटा चेहरा लपवतो आणि ही वस्तू तर दाखवते.

मला विचाराल तर गडबड ‘मुखवट्या’त नाही, ‘मृत्यूच्या’मध्ये आहे. मृत्यूचा मुखवटा म्हटलं की नाटकातला यम डोळ्यासमोर येतो. मुखवट्याचं म्हणाल तर गौरींचे मुखवटे आणतोच की आपण, शाडूचे नाहीतर पितळी, त्यांच्यामागे कोण लपलेलं असतं? तो मुखवटा हाच देवीचा चेहरा. तेव्हा ‘मरणोत्तर मुखवटा’ म्हणा, बिनधास्त.

खरी गोची क्रियापदात आहे. फ्लॉरेन्सचा सर्वेसर्वा लॉरेन्झो द मेदिची घ्या, ‘लॉरेन्झोचा मुखवटा काढला’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार, बाबा उघडा पडला! इथे ‘ठसा घेतला’ म्हणायचं. कारण कृतीच तशी आहे, माणूस गेला की चेहऱ्याला, भुवयांना तेल चोपडायचं म्हणजे केस चिकटत नाहीत, मग वर ओलं प्लॅस्टर थापायचं आणि घट्ट झालं की अलगद उचलायचं. हातात येतो तो साचा, नाकाच्या जागी खड्डा असलेला, त्यात परत प्लॅस्टर ओतलं की मुखवटा. गणपतीच्या कारखान्यातलेच शब्द आहेत, नवीन काही घडवायची गरज नाही.

लॉरेन्झो १४९२ मध्ये गेला. त्याचा मुखवटा बघा, नाक बसकं, वाकडं, काही म्हणजे काही गोड करून दाखवलेलं नाही (त्याला वास येत नसे म्हणतात, नाक बघून पटतं). फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट बांधणारा ब्रुनेलेस्की १४४६ मध्ये गेला, त्याच्याही मुखवट्यात डोळे मिटलेलेच.

कलाकारांची चरित्रं लिहिणारा व्हसारी सांगतो की फ्लॉरेन्समध्ये घरोघरी शेकोटीवर, दारांवर, खिडक्यांवर असे चेहरे असायचे. म्हणून ‘टाक’ म्हणावं असं कुणी सुचवेल, पूर्वजांचे टाक देव्हाऱ्यात असतात तसे. नको, टाकावर आजोबा हुबेहूब नसतात.

आणि हो, फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्क्यो या जुन्या राजवाड्यात कवी दान्तेचा म्हणून जो मुखवटा आहे तो त्याच्या चेहऱ्यावरून घेतलेला नाही असंच अभ्यासक मानतात. तिथे नुसतं मुखवटा लिहा, ‘मरणोत्तर’ आणि ‘ठसा’ दोन्ही गाळा.