किवी: फुटींचा जोर आणि फळाची प्रत

प्रश्न: वेलींची वाढ जोमदार आहे, मांडव गर्द झाला आहे, फळेही भरपूर लागतात. तरी साठवणीत फळ लवकर मऊ पडते आणि पिकल्यावर पाणचट लागते. नत्राचा हप्ता वाढवावा का? शेंडे मारले तर थोड्याच दिवसांत बगलफुटी येतात, त्याचे काय करावे?

उत्तर: नत्र वाढवू नका. तुमच्या वेलीला अन्न कमी पडत नाही, ते चुकीच्या ठिकाणी जाते आहे. वाढता शेंडा आणि फळ यांच्या ओढाताणीत सुरुवातीच्या काळात शेंडाच जिंकतो.

किवीची गोडी काढणीच्या वेळी चाखून कळत नाही. फळ वेलीवर असताना स्टार्च साठवते आणि पिकताना त्याची साखर होते. म्हणून हेवर्ड जातीत काढणीला ६.२ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) भरला तरी तेवढ्यावर विसंबू नका, शुष्क पदार्थही (पाणी उडून गेल्यावर उरणारा भाग) मोजा. फळाच्या मधल्या भागाची पातळ चकती कापून वजन करा. ६५ अंश सेल्सिअसला वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा वजन करा. पहिल्या वजनाच्या साधारण १५ टक्क्यांपेक्षा कमी उरले, तर ते फळ पिकल्यावर फिकेच लागणार. गर्द सावलीतल्या फळांत हेच होते: वरून आकार बरा, आत साठा नाही.

मऊ पडण्यामागे कॅल्शियमही असते. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढते आणि जिथून बाष्पीभवन जास्त, तिकडे जाते. एकदा पानात गेलेले कॅल्शियम फळाकडे परत वळत नाही. फळ आपला बराचसा वाटा फळधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घेते आणि नेमक्या त्याच काळात लांब फुटी भराभर पाने काढत असतात. छाटणीला उशीर झाला की ही संधी हुकते, म्हणून मी वेळेबाबत इतका आग्रही आहे.

आता बगलफुटींचे. फळे लागलेली एखादी फूट हातात घेऊन नीट पाहा. ज्या पेरांवर फळ आहे, तिथे नव्या फुटीचा डोळा नसतो. त्यापुढच्या पानांच्या बगलेत मात्र असतो. शेवटच्या फळापुढे चार-सहा पाने ठेवून कापले की तेच डोळे फुटतात. म्हणून ओलांड्यापासून (तारेवर आडव्या नेलेल्या मुख्य फांदीपासून) लांबच्या, जोमदार फळफुटी शेवटच्या फळाला लागूनच कापा. पुढे पान उरले नाही तरी घाबरू नका, त्या फळांना वेलीच्या बाकीच्या पानांतून अन्न मिळते. पण सगळ्याच फुटी अशा कापू नका, नाहीतर पानेच अपुरी पडतील. काही पाने काढून आपोआप थांबणाऱ्या आखूड फुटींना हात लावू नका. त्या लवकर स्वतःपुरते कमावून फळाला देऊ लागतात, बागेत त्या जितक्या जास्त तितके चांगले.

मधल्या जोराच्या फुटींचा शेंडा कोवळा असतानाच बोटांनी चिरडा, कापू नका. चिरडल्यावर वाढ थांबते आणि खालचे डोळे कापल्याइतके उसळत नाहीत. काम फुलोऱ्याआधी सुरू करा. मांडव मोकळा असला की मधमाश्याही फुलांपर्यंत नीट पोचतात. नर वेली फुलोरा संपताच छाटा. खोडावरच्या उभ्या फुटी दिसतील तेव्हा काढा.

ओलांड्याजवळच्या मध्यम जाडीच्या फुटी मात्र राखा. पुढच्या हंगामाच्या काड्या त्याच आहेत. त्यांना ऊन मिळाले तरच डोळ्यांतून फूल येते, म्हणून एकमेकींवर पडू न देता तारेवर पसरून बांधा.

छाटणी पुरेशी झाली का, हे दुपारी मांडवाखाली उभे राहून पाहा. जमिनीवर सगळीकडे उन्हाचे कवडसे हवेत. सलग काळी सावली असेल तिथे अजून फुटी काढायच्या आहेत. उन्हाचे मोठे पट्टे दिसले तर हात आवरा, उघडी फळे उन्हाने भाजतात.

गर्डलिंग, म्हणजे सालीचे कडे काढणे, यंदा नको. आधी नत्र कमी करून आणि वेळेवर शेंडे थांबवून वेल ताळ्यावर आणा. अशक्त किंवा मुळांचा रोग असलेल्या वेलीवर तर ते कधीच करू नये.