ओठ सुजून तोंडाचे कोपरे फाटतात, हे झिंकच्या कमतरतेमुळे होतं का?

होऊ शकतं, पण पहिला संशय झिंकवर घेऊ नका. जांभई देताना कोपरा चर्रकन फाटतो, आमटी लागली की झोंबतं, सकाळी पिवळट खपली दिसते. हे बहुतेकदा लाळ साचून बुरशी वाढल्याने, सतत ओठ चाटल्याने, सैल कवळीमुळे, किंवा लोह, बी२, बी१२ कमी पडल्याने होतं. झिंक कमी असेल तर सहसा सोबत आणखी खुणा असतात: केस गळणं, चव न लागणं, जखमा लवकर न भरणं, वरचेवर जुलाब.

आपल्या जेवणात झिंक असतं, पण धान्य-कडधान्यांतलं फायटेट नावाचं नैसर्गिक द्रव्य ते अडवून धरतं. म्हणून मटकीला मोड आणा, पीठ आंबवा. फायटेट कमी होतं. तीळ, काजू, भोपळ्याच्या बिया, अंडी, मटणही चांगलं.

कृपा करून मनानेच गोळ्या सुरू करू नका. मोठ्यांसाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण ४० मिलिग्रॅम. जास्त झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, त्यातून रक्तक्षय होतो. सध्या ओठांना साधं व्हॅसलीन लावा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, साखर तपासून घ्या. मधुमेहातही हे वारंवार होतं.